जॉब जातो कुठं

आमचं घर संशयी होतं. ही काही तक्रार नाही. काही घरांत सगळे उंच असतात, काही घरांत सगळ्यांना लवकर टक्कल पडतं, तसा आमच्याकडे संशय होता. आई दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवून नखावर थेंब धरायची. थेंब ओघळला नाही तरी म्हणायची, "आज नाय घातलं पाणी, उद्या घालंल." बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत टेंपररी हेल्पर होते. 'पुढच्या दिवाळीला परमनंट करू' हे त्यांनी इतक्या दिवाळ्यांना ऐकलं होतं की कुणी नुसतं 'पुढच्या' म्हटलं तरी त्यांच्या भुवया वर जायच्या. मी त्या दोघांची मुलगी. शाळेत बाईंनी शाबासकी दिली की मला वाटायचं, आता वर्ग झाडायला लावणार.

आम्ही बदलापुरात हेंद्रेपाड्याला राहायचो. घरातल्या प्रत्येक भांड्यावर खूण होती. तशी सगळ्यांच्याच भांड्यांवर नावं असतात. दुकानदार मशीन फिरवून घालून देतो. पण आईचा नावावर भरवसा नव्हता. आमच्या आडनावाची अर्धी आळी होती. लग्नाकार्यात सगळ्यांची भांडी एकत्र व्हायची आणि परत येताना चांगलं जाड पातेलं जाऊन त्याच आडनावाचं पोचे पडलेलं पातेलं यायचं. म्हणून आईनं स्वतःची खूण काढली होती. भांड्याच्या काठाखाली, खिळ्यानं ठोकलेले तीन ठिपके, त्रिकोणात. तांब्यापासून चमच्यापर्यंत सगळ्यांवर ते होते.

एक वाटी मात्र आमची नव्हती. कुठल्याशा बारशाहून आलेली, दुसऱ्या कुणाची तरी अक्षरं घातलेली. आई ती वापरायची नाही. फळीच्या टोकाला पालथी ठेवलेली असायची. "आपली वाटी कुणाकडं तरी हाय," ती म्हणायची, "ती आली की ही जाईल." आपली वाटी कुणी मुद्दाम ठेवून घेतली याबद्दल तिला शंका नव्हती, फक्त माणूस सापडत नव्हता.

मी सातवी पास झाले तेव्हा शाळेत सांगण्यात आलं की ज्यांचं गणित चांगलं आहे त्यांना आठवीपासून एका भाषेऐवजी टेक्निकल घेता येईल. आठवड्यातून दोनदा अंबरनाथच्या केंद्रावर जायचं, तिथं वर्कशॉप आणि ड्रॉइंग शिकायचं. दहावी झाली की तिकडच्या कंपन्या यातल्या काही मुलांना अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतात. हे सगळं वर्गशिक्षकांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा बाबांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "यात शाळंचा काय फायदा?"

"शाळेचा कसला फायदा? मुलांचा फायदा."

"आन् पोरींना घेत्यात कंपनीत?"

"नियमात बसतं," शिक्षक म्हणाले. हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं त्यावरून मला कळलं की आजवर कुणी घेतलेली नाही.

बाबा हो म्हणाले, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. त्यामागचं कारण त्यांनी नंतर आईला सांगितलं, ते मी दारामागून ऐकलं. मंदी आली की कंपनी हेल्परला काढते, फिटरला नाही. हेल्पर बदलत राहतात, फिटर राहतो. माझ्यासमोर दुसरा रस्ताही होताच. माझी आत्या उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये जीन्सचे धागे कापायला जायची. शिवून झालेल्या पँटचे सुटलेले दोरे कातरीनं काढायचे, ढिगाच्या शेजारी मांडी घालून बसायचं. तिची नखं कायम निळी असायची. दहावीनंतर मला तिच्या शेजारी जागा आहे, असं ती प्रेमानं सांगायची. त्या निळ्या नखांना मी लहानपणापासून घाबरत होते.

केंद्र शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळून होतं. पत्र्याची लांब शेड, एका बाजूला लाकडी बाक, त्यांवर लोखंडी वाइस, म्हणजे काम घट्ट धरायचे जबडे. सगळी मुलं होती, मुली आम्ही दोघीच. दुसरी सिंधी होती, कॅम्प तीनचीच. तिच्या वडिलांचा जीन्सचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, मशिनी आणि मागं कापडाचं गोदाम. तिला तिच्या वडिलांनी का पाठवलं होतं हे विचारलं तर म्हणाली, "पापा बोले, मशीन बिघडली की मेकॅनिक बहुत भाव खातो. घरका कोई शिकला पाहिजे." मला हे कारण पटलं, कारण त्यात कुणावर तरी संशय होता.

शिकवणारे सर किडकिडीत होते, कमी बोलायचे. कमरेला करगोट्यासारख्या दोरीत किल्ल्या. पहिले कितीतरी आठवडे त्यांनी आम्हाला फक्त कानस मारायला लावली. लोखंडी पट्टीचा तुकडा वाइसमध्ये धरायचा आणि घासायचा. सरळ, सपाट, काटकोनात. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडाकडे धरायचं. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला तर पुन्हा घासायचं. "उजेड दिसता कामा नये," एवढंच ते म्हणायचे. माझे तळहात सोलून निघाले, पण मला ते काम आवडायला लागलं. मला फट शोधायची जन्मजात सवय होती आणि इथं त्याबद्दल मार्क मिळत होते.

पहिल्याच आठवड्यात घरी एक गोंधळ झाला. जेवताना मी म्हणाले, "आज सरांनी मला जॉब दिला."

बाबांचा घास हातातच राहिला. "जॉब? आठवीच्या पोरीला? सही-बिही नाय ना केलीस कुठं?"

वर्कशॉपमध्ये जो लोखंडाचा तुकडा करायला देतात त्यालाच जॉब म्हणतात, हे मी समजावलं. बाबांना ते समजलं, पण समाधान झालं नाही. त्यांच्या कंपनीतही तोच शब्द होता आणि तिथं जॉब म्हणजे जे तयार होऊन विकायला जातं ते. ते थोडा वेळ जेवले आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्यानं माझी पुढची तीन वर्षं खाल्ली.

"मंग तो जॉब जातो कुठं?"

मला माहीत नव्हतं. खरंच, जात कुठं होते? जॉब पुरा झाला की सर त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, मार्क लिहायचे, "ठेव" म्हणायचे. तो त्यांच्या लोखंडी कपाटात जायचा आणि कपाटाला कुलूप लागायचं. परत कुणाला काही मिळालं नव्हतं. ड्रॉइंगचे कागद परत मिळायचे, लोखंड नाही. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "जमा होतं." कुणाकडे जमा होतं, ते म्हणाले नाहीत.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते भिंतीला टेकून बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं सुख पसरलं. "खूण कर," ते म्हणाले. आईनं खिळा कसा धरायचा हे दाखवायला सुरुवात केली, पण मला खिळ्याची गरज नव्हती. वर्कशॉपमध्ये त्यासाठी सेंटर पंच होता. भोक पाडण्याआधी जागा धरायला तो ठोकतात. तेव्हापासून माझ्या प्रत्येक जॉबच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मी तीन ठिपके मारले. बारीक, त्रिकोणात. सर काही बोलले नाहीत. त्यांनी पाहिलेच नसावेत असं मी धरून चालले.

नववीत आम्हाला कडी-कोयंडे करायला दिले. पट्टी कापायची, कडा घासायच्या, भोकं पाडायची, वाकवून बिजागरी बसवायची. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. "हात बसला पाहिजे," सर म्हणायचे. माझा हात तिसऱ्याला बसला होता. तरी आणखी कशाला? एव्हाना त्या सिंधी मुलीशी माझी मैत्री झाली होती. मी तिला म्हटलं, "आपण शिकतोय का माल काढतोय?" ती म्हणाली, "माल तो अच्छा निकल रहा है."

त्या वर्षी मी एकदा तिच्या घरी गेले. स्टेशनवरून शेअर रिक्षानं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टांगलेल्या निळ्या पँटींच्या मधून. माझी आत्या त्याच गल्लीत कुठंतरी मांडी घालून बसलेली असणार म्हणून मी मान खाली घालून चालले होते. मैत्रिणीच्या आईनं पापड दिला, सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड-पाणी देतात. मग मैत्रीण मला मागचं गोदाम दाखवायला घेऊन गेली. दाराला नवा कडी-कोयंडा होता. मी सवयीनं त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. धार काढून टाकलेली, कोपरे मोडलेले, आम्हाला शिकवलं होतं अगदी तसेच. मी कोयंड्याची पट्टी उघडून उलटी केली. आतल्या बाजूला तीन ठिपके होते.

"ये कुठून आणला?"

"पापा ने मार्केट से लिया. हार्डवेअर की दुकान से. क्यों?"

मी तिला ठिपके दाखवले. तिनं ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. "तेरा माल हमारे घर में! सर तो पक्के व्यापारी निकले." तिच्या बोलण्यात राग नव्हता, थोडं कौतुकच होतं. मला मात्र रागानं घाम फुटला. माझ्या सोललेल्या हातांनी केलेली वस्तू कुणी तरी दुकानात नेऊन विकली होती आणि मला "जमा होतं" म्हणून सांगितलं होतं. त्याच महिन्यात सरांना नव्या सायकलवरून येताना मी पाहिलं होतं. तिच्या चाकांच्या तारा चमकत होत्या. दोन आणि दोन चार व्हायला वेळ लागला नाही.

घरी सांगितलं तर बाबा इतके खूश झाले की आईला राग आला. "मी पयल्याच दिवशी बोललो होतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांना दुसऱ्या दिवशीच हेडमास्तरांकडे जायचं होतं. आईनं त्यांना अडवलं. प्रॅक्टिकलचे मार्क कुणाच्या हातात आहेत? कंपनीचा माणूस येईल तेव्हा त्याला मुलं कोण दाखवणार? सरच ना? मग आता बोंब मारून काय मिळणार? गप बसा, डोळे उघडे ठेवा आणि हे हातात ठेवा. लागलं तर वापरू. बाबा नाराज झाले, पण आईचं बरोबर होतं. दहावी होईपर्यंत मी ती गोष्ट मुठीत धरून वर्कशॉपला जात राहिले. सर माझा जॉब हातात घ्यायचे तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, मला माहीत आहे.

एक गोष्ट मला तेव्हा टोचायची, ती लिहिते. ते शिकवायचे फार चांगलं. माझ्या मागे उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगायचे, "डावा हात दाबतेयस." आणि डावा हात खरंच दाबला जात असायचा. चोर माणसानं इतकं चांगलं शिकवावं याचा मला रागच यायचा. वाईट शिकवलं असतं तर हिशोब सोपा झाला असता.

दहावीत शेवटचा मोठा जॉब आला. दोन जाड तुकडे. एकाला मधे चौकोनी खाच, दुसऱ्याला तसाच चौकोनी पुढे आलेला भाग. दुसरा पहिल्यात सरकून बसला पाहिजे, हातानं, ठोकून नव्हे, आणि उलटा करून घातला तरी तसाच बसला पाहिजे. त्याला म्हणतात मेल-फिमेल. घरी हे नाव मी सांगितलं नाही. आमच्याकडे आधीच जॉब या शब्दानं पुरेसा गोंधळ झाला होता.

मी तो जॉब करताना बाकीचं सगळं विसरून गेले. मोरचुदाचं पाणी लावलं की लोखंडावर तांबूस थर चढतो, त्यावर रेघ स्पष्ट उठते. त्या रेघेपर्यंत यायचं, अर्धी रेघ ठेवायची, अर्धी घालवायची. शेवटी शेवटी तर एक हात मारायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. ज्या दिवशी तो सरकला, जरासा अडत, तेल घातल्यासारखा, त्या दिवशी मी तो कितीतरी वेळा काढला आणि घातला. सरांनी खिडकीकडे धरला, उलटा केला, पुन्हा धरला. मग "ठेव" म्हणाले नाहीत. "चांगला झालाय," म्हणाले. मी मागच्या बाजूला तीन ठिपके मारले होते, नेहमीसारखे. आईनं मोडकं पातेलं असो की नवीन, खूण केल्याशिवाय फळीवर ठेवलं नव्हतं.

परीक्षेनंतर कंपनीचे साहेब आले. मोठी कंपनी होती, तिच्या गेटवरून बाबा रोज जायचे. ट्रेनिंगचे साहेब, इस्त्रीचा बुशशर्ट, बाहेर गाडी उभी. वर्कशॉपमध्ये लांब टेबलावर सगळे जॉब मांडले होते आणि ज्याचा जॉब त्याच्या मागे तो मुलगा उभा. हेडमास्तर साहेबांबरोबर फिरत होते, सर एका बाजूला. साहेब जॉब उचलायचे, उजेडाकडे धरायचे आणि पसंत पडला तर टेबलावर त्याच्यासमोर खडूनं एक खूण करायचे. मला त्या खडूशिवाय काही दिसत नव्हतं. तो खडू माझ्यासमोर टेकला तर मी फिटर. नाही टेकला तर आत्याच्या शेजारी मांडी घालून बसायचं.

साहेबांनी माझा जॉब उचलला. उजेडाकडे धरला. उलटा करून घातला, पुन्हा धरला. कुठं उजेड नव्हता. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि मुलगी दिसल्यावर पुन्हा जॉबकडे पाहिलं.

"हा कुणी केला?"

"मी."

त्यांनी तो पालथा केला. कपाळाला आठी पडली. "ही खूण कसली?"

"माझी आहे."

"तुझी?" ते हेडमास्तरांकडे वळले. "कॅम्पात हे असे तयार जॉब मिळतात, माहीत आहे ना तुम्हाला? प्रॅक्टिकलच्या दिवसांत तर रांग लागते. करणारे कारागीर मागे आपली खूण ठोकतात, कुणाचे किती झाले ते कळायला. गेल्या वेळी एका केंद्रावर असेच सापडले होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात मुलीचा वाटत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संशय घेणं हा आमच्या घरचा हक्क होता. आमच्यावर कुणी घ्यावा याची आम्हाला सवय नव्हती. मी दप्तरातून डबा काढला आणि झाकण त्यांच्यासमोर धरलं. काठाखाली तीन ठिपके. "ही आमच्या घरची खूण आहे. आईची. चोरी होऊ नये म्हणून."

साहेबांनी डबा पाहिला, ठिपके पाहिले. "डब्यावर आहे म्हणून काय झालं? आज सकाळी जॉबवर पंच मारला नसेल कशावरून?"

अगदी हेच बाबांनी विचारलं असतं, हे मला त्याही वेळी कळलं आणि त्याचाच जास्त राग आला. मी म्हणाले, लोखंड द्या, पुन्हा करून दाखवते. ते म्हणाले, एवढा वेळ कुणाला आहे. त्यांनी माझा जॉब टेबलावर ठेवला, पालथाच, आणि पुढच्या मुलाचा उचलला.

शेजारी उभी असलेली मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, "बोल ना. हमारे दरवाजे का बोल. नववीचा आहे तो."

इतके दिवस मुठीत धरलेली गोष्ट वापरायची वेळ आली होती आणि माझं तोंड उघडेना. दया आली म्हणून नाही. मी हिशोब करत होते. सर जॉब विकतात हे बाहेर आलं तर त्यांनी दिलेल्या मार्कांवर कोण विश्वास ठेवणार? त्यांच्या केंद्रातलं पोर कोण घेणार? माझी साक्ष मलाच बुडवणार होती. मी सरांकडे पाहिलं. ते माझ्या पालथ्या जॉबकडे बघत होते.

"साहेब, एक मिनिट," सर म्हणाले.

त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि कपाट उघडलं. त्या कपाटाचं पोट मी पहिल्यांदाच पाहिलं. खालच्या फळीवर कडी-कोयंड्यांचे जुडगे होते, तारेनं बांधलेले. त्यांनी एक जुडगा सोडला आणि त्यातून काही कोयंडे काढून टेबलावर ठेवले. शोधले नाहीत. पत्ते ओळखीचे असल्यासारखे काढले. प्रत्येकाची पट्टी उलटी केली. प्रत्येकावर तीन ठिपके, आणि ठिपक्यांच्या आत जुना तांबडा गंज.

"हे नववीतले आहेत. ठिपके तिचेच. पहिल्या वर्षापासून बघतोय मी."

साहेबांनी एका ठिपक्यातला गंज नखानं खरवडला. मग त्यांचं लक्ष कपाटातल्या बाकीच्या जुडग्यांकडे गेलं. "आणि हे सगळं असं बांधून का ठेवलंय?"

"बाजारात देतो."

"देतो म्हणजे?" हे हेडमास्तरांनी विचारलं.

"विकतो," सर म्हणाले. "मुलांचे जॉब विकतो. करवतीचे ब्लेड, कानशी वेळेवर येत नाहीत. त्यातून आणतो."

"सगळं त्यातच जातं?" साहेबांनी विचारलं.

सरांनी जुडग्याची सोडलेली तार बोटांनी सरळ केली. "बरंचसं," म्हणाले.

साहेबांनी माझा जॉब सुलटा केला आणि त्याच्यासमोर खडूनं खूण केली. मग ते पुढे गेले. मी सरांकडे पाहायचं टाळलं. ते तारेनं जुडगा पुन्हा बांधत होते.

घरी जाऊन मी म्हणाले, "मला जॉब मिळाला."

"कंचा? लोखंडाचा?" बाबांनी विचारलं.

"नाही. खरा."

त्यांना ते पटायला बरेच दिवस लागले. कंपनीच्या गेटमधून मी आत जाताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कुठं पटलं. सरांचं ऐकून मात्र त्यांनी लगेच बोट ठेवलं. "बरंचसं म्हंजे? उरलेलं कुठं गेलं?" प्रश्न बरोबर होता. मी चमकणाऱ्या तारांची सायकल पाहिली होती. पण मला दुसरंच छळत होतं. "बाबा, त्यांना ठिपके माहीत होते. त्यांनी ते घासून का नाही टाकले? कानशीचे दोन हात, बस. कुणाला पत्ता लागला नसता."

"लक्षात नसंल आलं."

"पहिल्या वर्षापासून बघतोय म्हणाले."

बाबांनी चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती. मला आठवतं त्याप्रमाणे, कुणावर संशय घ्यायला शब्द न सापडल्याची ती त्यांची एकच वेळ.

जूनमध्ये सर केंद्रावर नव्हते. कुणी म्हणालं बदली झाली, कुणी म्हणालं चौकशी लागली. त्यांच्या जागी दुसरे आले. कपाटाला कुलूप राहिलं नाही, जॉब उघड्यावर गंजत पडायला लागले, असं मागच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलं. ब्लेड संपले की संपलेच, आणि कानशी इतक्या बोथट झाल्या होत्या की मुलं नुसती आवाज काढत बसायची. म्हणजे सर खरं बोलत होते. किंवा बरंचसं खरं बोलत होते. मी अजून ठरवलेलं नाही.

मी फिटर झाले. बाबांचं म्हणणं खरं ठरलं. नव्वदच्या दशकात मंदीच्या लाटा आल्या, हेल्परांना काढलं, बाबाही त्यातच घरी बसले, पण मी राहिले. पुढे माझ्या बाकाशी नवीन पोरं शिकायला यायला लागली आणि मी त्यांच्या मागे उभी राहून कानशीच्या आवाजावरून सांगायला लागले, डावा हात दाबतोयस. पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा मीच दचकले.

मैत्रिणीचं लग्न होऊन गेलं होतं, तरी ती माहेरी आली की भेटायची. एकदा आली ती हातात जीन्सच्या चिंधीत गुंडाळलेलं काही घेऊन. तिच्या भावांनी कारखाना दुसऱ्या कॅम्पात हलवला होता, गोदामाचं दार भंगारात चाललं होतं. "मैंने निकलवा लिया," ती म्हणाली. "तुझा माल आहे."

ती गेल्यावर मी कोयंडा उलटा करून बघत बसले. आई शेजारी तांदूळ निवडत होती. तिचे डोळे आता अधू झाले होते, तरी खडा सोडत नव्हती. मी तिला म्हटलं, इतकी वर्षं झाली, मला ते एकच कळलं नाही. दिवसभर त्या माणसाच्या हातात कानस असायची. विकायचंच होतं तर खूण का ठेवली?

आई उठली. फळीच्या टोकाची ती वाटी घेऊन आली, दुसऱ्याच्या अक्षरांची, आणि माझ्यापुढे ठेवली.

"ही कवापास्नं हाय आपल्याकडं?"

"मी लहान होते तेव्हापासून."

"मी मोडली का खूण?"

"तुला ती परत द्यायची होती."

"मंग?" आई म्हणाली.

सरांनी माल विकला, पण तो कुणाचा हे पुसलं नव्हतं. सर कुठं असतील हे शोधायचा मी नंतर प्रयत्न केला; कुणाला सांगता आलं नाही. त्या दिवशी मात्र मी वाटी फळीच्या टोकाला पुन्हा पालथी ठेवली आणि तिच्या शेजारी तो कोयंडा ठेवला. आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, "तेलाचं बोट फिरव त्याच्यावर. गंजंल."